गुलाबी बाजरी

जयपूरला बनी पार्कात गिरिजाताई हुपरीकरांना नावाने ओळखणारे थोडेच होते. 'दुर्गापुरावाली बहनजी' म्हटलं की मात्र सायकलरिक्षावाला पत्ता न विचारता त्यांच्या फाटकाशी आणून सोडायचा. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहत होते. माझे यजमान बँकेत, त्यांचे उमाकांतराव विमा कंपनीत. दोन्ही घरं बदलीची, त्यामुळे सामान कधी पुरतं उघडायचंच नाही अशी आम्हा दोघींना सवय. पण जयपुरात आल्यावर गिरिजाताईंनी पहिल्यांदाच सगळ्या ट्रंका रिकाम्या केल्या आणि तळाशी सापडलेलं शेतकी पदवीचं प्रमाणपत्र उन्हात वाळवून भिंतीवर लावलं.

त्या कोल्हापूरकडच्या. तिकडच्या बायकांसारख्या 'मी जातो', 'मी करतो' असं बोलायच्या. त्यांची मुलगी जयंती हिंदी शाळेत जायची. ती हसून विचारायची, "आई, मतलब तू मुलगा आहेस का?"

"आमच्याकडं असंच बोलतात. शीक जरा," त्या म्हणायच्या.

दुर्गापुऱ्यात शेतीचं संशोधन केंद्र आहे. तिथे बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत जागा निघाल्याचं त्यांनी हिंदी वर्तमानपत्रात वाचलं. हे १९८२ सालचं. लग्नानंतर त्यांनी शेतीतलं काही केलं नव्हतं. लातूर, रायपूर, मग जयपूर असं बिऱ्हाड फिरत राहिलं. तरी त्या बस पकडून गेल्या. प्रयोगशाळेचे प्रमुख माथुरसाहेब. त्यांनी पदवीकडे पाहिलंच नाही. मोहरीची एक ताटली पुढे सरकवली आणि म्हणाले, "यात मोहरी नाही ते बाहेर काढा."

गिरिजाताईंनी भिंग मागून घेतलं. काळे, गोल, मोहरीसारखेच दिसणारे काही दाणे त्यांनी चिमट्याने वेगळे केले. "हे पिवळ्या धोत्र्याचं बी आहे," त्या आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या. "मोहरीबरोबर घाण्यात गेलं तर तेल खाणारा माणूस सुजतो."

माथुरसाहेबांनी चहा मागवला. नेमणूक तात्पुरती होती, पण दर वर्षी वाढत गेली आणि पुढे कायम झाली.

काम काय, ते त्यांनी मला एकदा आमच्या गच्चीवर पापड वाळवताना समजावून सांगितलं होतं. बियाणं विकायचं तर पिशवीला चिठ्ठी शिवावी लागते. चिठ्ठीवर वाण कोणतं, उगवण किती, तपासणी कधी झाली, बी कधीपर्यंत पेरण्याजोगं, आणि विकणारा कोण, हे लिहायचं. सरकारने प्रमाणित केलेल्या बियाण्याची चिठ्ठी निळी. बियाण्याला औषध चोळलं असेल तर तेही लिहायचं, आणि खाण्यासाठी वापरू नये अशी ताकीद द्यायची. औषधाबरोबर रंगही मिसळतात, म्हणजे न वाचणाऱ्यालाही दाणा वेगळा दिसावा.

"आणि चिठ्ठीवर लिहिलंय ते खरं का, हे आम्ही बघतो," त्या म्हणाल्या. "ओल्या कागदाच्या गुंडाळीत दाणे ठेवायचे, पेटीत ऊब द्यायची, आणि कोंब मोजायचे. बाजरीचे शंभरातले पंच्याहत्तर तरी उगवायला पाहिजेत. नमुना येतो तेव्हा त्यावर नाव नसतं, नुसता आकडा. कुणाचं बी ते आम्हाला कळत नाही. ते बरं असतं बघ. बी सांगतं तेवढंच लिहायचं."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते मी लग्नकार्यातही कुणाच्या चेहऱ्यावर फारसं पाहिलेलं नाही.

१९८६ साली पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. ढग यायचे, आंधी उठायची, गच्चीवर वाळू सांडून जायची, बस. खेड्यांत पेरण्या खोळंबल्या आणि व्यापाऱ्यांकडे बाजरीचं बियाणं पडून राहिलं. शहरात आम्हाला त्याची झळ पाण्यापुरती लागत होती. धान्य महाग झालं होतं, पण मिळत होतं.

सप्टेंबरातला एक रविवार. मी आणि गिरिजाताई गव्हाचे डबे घेऊन भंवरलालजींच्या चक्कीवर गेलो होतो. आमच्या पुढे धापूबाई उभी होती. ती आमच्या गल्लीत धुणीभांडी करायची, आणि स्टेशनच्या मागच्या वस्तीत राहायची. तिच्या टोपलीत बाजरी होती. पुढच्या माणसाचं दळण उरकलं, तसे भंवरलालजी तिची टोपली उचलायला वाकले.

गिरिजाताई बोलता बोलता थांबल्या. पुढे होऊन त्यांनी टोपलीत हात घातला, चार दाणे तळहातावर घेतले, बोट थुंकीने ओलं केलं आणि दाणे चोळले. बोटाचं टोक फिकट गुलाबी झालं.

"भैया, चक्की बंद करो!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की मीच दचकले.

भंवरलालजी तापट माणूस. "बहनजी, रांगेत या. अनाजाचा रंग बघायला ही काय सराफाची पेढी आहे?"

"हे अनाज नाही. पेरायचं बी आहे. याला जहर लावलेलं असतं."

पट्टा फटफटत थांबला. एकदम शांत झालं. धापूबाईने टोपली दोन्ही हातांनी धरली. "जहर कसलं? चांदपोलच्या बाजूला दुकानात घेतली. शेठ म्हणाला, भिजलेला माल आहे म्हणून स्वस्त. थोडा रंग होता, मी तीन पाण्यांनी धुतली. बघा, साफ झाली."

"रंग गेला, बाई. औषध दाण्यात मुरलेलं असतं. तू खाल्लीस का?"

"परवापासून खातोय." मग तिचा आवाज खाली आला. "माझी नणंद कालपासून उलट्या करतेय. आम्हाला वाटलं, ऊन लागलं."

गिरिजाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू घरी जा. ह्यांना सांग, स्कूटर काढा. मी हिच्याबरोबर जातो."

उमाकांतरावांनी धापूबाईच्या नणंदेला मोठ्या दवाखान्यात पोचवलं. डॉक्टरांना नेमकं काय पोटात गेलं ते सांगता आल्यामुळे उपचार लगेच सुरू झाले. ती आठवड्याने बरी होऊन घरी आली. एवढं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको.

भंवरलालजी कपाळाला हात लावून बसले होते. गेल्या दोन-तीन दिवसांत तसली बाजरी आणखी किती जणांनी दळून नेली, ते त्यांना आठवेना. निघताना गिरिजाताईंनी त्यांना चक्कीचे दगड उघडून झाडायला सांगितले, मग कोंडा दळून तो फेकून द्यायला सांगितला. मीही परवा दळून नेलेल्यातलं उरलेलं पीठ घरी जाऊन उकिरड्यावर ओतलं.

दुपारी आम्ही दोघी धापूबाईच्या वस्तीत गेलो. ती बाजरी घराघरात होती. बायका ऐकायला तयार नव्हत्या. दुष्काळाच्या दिवसांत घरातलं धान्य फेका म्हणणारी ही बाई कोण? एक म्हातारी तर म्हणाली, "आम्ही टाकलं की तुम्ही उचलून न्याल."

गिरिजाताई तिच्या दारात जमिनीवर बसल्या. तिच्याचकडची मूठभर धुतलेली बाजरी त्यांनी पांढऱ्या कपात भिजत घातली आणि गप्पा मारत बसल्या. कुठल्या गावच्या, विहिरीला पाणी आहे का, नातू किती. त्यांची हिंदी आता पुष्कळ सुधारली होती, पण मध्येच कोल्हापुरी शब्द यायचा आणि बायका हसायच्या. गप्पांच्या नादात चांगला वेळ गेला. मग त्यांनी कप उचलून म्हातारीच्या हातात दिला. पाणी गुलाबी झालं होतं.

म्हातारीने कप खाली ठेवला. "आणि मग रात्री शिजवायचं काय?" एवढंच तिने विचारलं.

याचं उत्तर द्यायला पाहिजे होतं. गिरिजाताई म्हणाल्या, "धान्य घेतो तर धान्य देतो. आज संध्याकाळीच."

ते त्यांनी कुणाला विचारून म्हटलं नव्हतं. परतताना मी म्हणाले, "ताई, एवढं आणायचं कुठून?"

"आपल्या गल्लीत किती घरं आहेत? प्रत्येक घरात एक डबा तरी असेल की."

आम्ही दारोदार गेलो. बऱ्याच ठिकाणी हसू झालं, काही ठिकाणी दार लावलं गेलं, पण पुष्कळांनी दिलं. सिंधी आजींनी तांदूळ दिले, जैन कुटुंबाने ज्वारी दिली. लष्करी छावणीतल्या सुभेदारांच्या पत्नी रत्नमालाबाई आमच्या हळदीकुंकवाच्या ओळखीच्या. त्यांनी तिथल्या मराठी घरांतून गोळा करून गव्हाचं एक पोतं टांग्यात घालून पाठवलं. दिवेलागणीला वस्तीतली गुलाबी बाजरी आमच्या अंगणात आली होती आणि त्या घरांत चुली पेटल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून खरी पंचाईत सुरू झाली. बियाणं निरीक्षक राठौड म्हणून होते. मिशीवाले, बोलायला मृदू. गिरिजाताईंनी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बहनजी, माझा अधिकार बियाण्यावर. पिशवीतून काढून धान्य म्हणून विकलं की ते माझ्या हातातून गेलं. तुम्ही खाद्यपदार्थांची भेसळ बघणाऱ्यांकडे जा."

त्या तिकडे गेल्या. तिथल्या कारकुनाने कागदात बांधलेले दाणे न उलगडताच परत दिले. "रंग लावलेलं म्हणजे बियाणं. शेतीखात्याकडे जा."

घरी आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. उमाकांतराव व्हरांड्यात चहा घेत होते. "एक म्हणतो धान्य, दुसरा म्हणतो बी," त्या म्हणाल्या. "दुकानात मात्र विक्री चालूच आहे."

उमाकांतराव विम्याचे. त्यांना दावे तपासायची सवय. ते सहज बोलले, "माल गेला धान्य म्हणून. पण पिशवी? पिशवीचं काय केलं त्याने?"

गिरिजाताईंनी बशीत ओतलेला चहा तसाच ठेवला. "काय म्हणालात?"

"नाही, रिकामी पिशवी तर राहिलीच असेल ना त्याच्याकडे."

"आणि पिशवीला निळी चिठ्ठी," त्या म्हणाल्या. "अहो, पिशवीपेक्षा ती चिठ्ठी महाग!"

सकाळी बस येण्याआधीच त्या चालत निघाल्या आणि राठौडांच्या कार्यालयात जाऊन उभ्या राहिल्या. "राठौडजी, दाणे तुमचे नाहीत, मान्य. पण चिठ्ठी तर तुमची आहे? ज्या पिशव्यांतली बाजरी वस्तीत विकली गेली, त्या निळ्या चिठ्ठीच्या पिशव्या आता कुठे आहेत, हे तर तुम्ही विचारू शकता?"

राठौडांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग उठून त्यांनी टोपी घातली.

पुढचं गिरिजाताईंनी डोळ्यांनी पाहिलं नाही. त्यांना तिथे जायचा अधिकार नव्हता, आणि त्या गेल्याही नाहीत. नमुना काढताना साक्षीदार लागतो. बाजारात कुणी पुढे येईना, तेव्हा राठौडांनी चक्कीवाल्या भंवरलालजींना विचारलं. ते चक्कीला कुलूप लावून, पिठाने पांढऱ्या झालेल्या धोतरातच निघाले. त्यांनी नंतर आम्हाला जे सांगितलं ते असं.

दुकानाच्या मागच्या खोलीत पिशव्यांची थप्पी होती. प्रत्येकीला निळी चिठ्ठी. शेठ म्हणाला, पाऊस न आल्यामुळे पडून राहिलेलं बियाणं आहे, पुढच्या वर्षी पुन्हा तपासून घेऊ. राठौड पिशव्यांच्या तोंडावरून हात फिरवत गेले. कारखान्यातली शिलाई यंत्राची, सरळ असते. इथे सुतळीचे टाके वेडेवाकडे होते.

"हे कुणी शिवलं?" राठौडांनी विचारलं.

"उंदरांनी फाडली होती साहेब. दुरुस्त केली."

"सगळ्याच पिशव्यांचं तोंड उंदरांनी फाडलं?" भंवरलालजींना राहवलं नाही. "हुशार उंदीर आहेत."

राठौडांनी पिशवी उघडली. आत साधी, राखाडी बाजरी होती. बाजारातली, काडीकचऱ्यासकट मातीमोलाने उचललेली. निळ्या चिठ्ठीवर संकरित वाणाचं नाव होतं, औषध लावल्याचं लिहिलं होतं, खाऊ नये अशी ताकीद होती. आणि आतल्या एकाही दाण्यावर रंग नव्हता. जे खायचं नाही ते वस्तीतल्या लोकांना खायला घातलं होतं, आणि जे खायचं ते पुढच्या पावसाळ्यात शेतकऱ्यांच्या गळ्यात बियाणं म्हणून मारायचं होतं.

राठौडांनी नमुना काढून तीन भाग केले. एक दुकानदाराला दिला, एक आपल्याकडे ठेवला, एक प्रयोगशाळेला पाठवला. तिन्हींवर लाखेची मोहोर, आणि भंवरलालजींची सही. ती त्यांनी फार सावकाश, वळणदार केली म्हणे.

नमुना दुर्गापुऱ्याला आला तेव्हा त्यावर नेहमीसारखा नुसता आकडा होता. पण त्या आठवड्यात बियाणं म्हणून रंग न लावलेल्या साध्या बाजरीचा नमुना दुसरा कुठून येणार? गिरिजाताई माथुरसाहेबांकडे गेल्या. "साहेब, हा कुणाचा ते मला कळतंय. माझ्या मनात त्या माणसाबद्दल राग आहे. हा माझ्या टेबलावर नको."

"रागाने तुम्ही कोंब चुकीचे मोजाल असं वाटतं का?"

"नाही. पण कोर्टात त्याचा वकील तेच विचारेल."

माथुरसाहेबांनी नमुना दुसऱ्या तपासनिसाकडे दिला. पेटी त्याच खोलीत होती. रोज येता-जाता गिरिजाताई त्या पेटीशेजारून जायच्या आणि तिकडे मुद्दाम बघायच्या नाहीत. त्या हे सांगायच्या तेव्हा मला हसू यायचं. "अगं, कोंब बरे फुटले होते म्हणे," त्या म्हणाल्या. "बाजरीचा काय दोष? ती बिचारी उगवणारच. पण काडीकचरा किती, तणाचं बी किती! चिठ्ठी मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खोटी."

अहवाल गेला. दुकानदाराने त्याच्याकडचा भाग दाखवून दिल्लीच्या प्रयोगशाळेपर्यंत दाद मागितली, तिथूनही तेच उत्तर आलं. त्याचा बियाणं विकायचा परवाना गेला, खटला चालला, शिक्षा झाली. दोन खात्यांचे अधिकारीही अखेर एका गाडीतून आले आणि उरलेली गुलाबी बाजरी, आमच्या अंगणातलीसुद्धा, शहराबाहेर खड्डा खणून पुरली.

गिरिजाताईंना कुणी हार घातला नाही. त्यांनी साहेबांमार्फत वर लिहून पाठवलं की चिठ्ठीवर खाऊ नये हे नुसतं अक्षरांत लिहून भागत नाही, पिशवीवर मोठं चित्र छापा. त्याचं उत्तर आलं नाही. मात्र भंवरलालजींनी रंगाऱ्याला बोलावून चक्कीच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहून घेतलं, 'गुलाबी अनाज यहाँ नहीं पिसेगा.' खाली एक कवटी काढून घेतली. ती कवटी जरा हसल्यासारखी दिसायची, आणि पोरं तिला बघायला यायची. पण बायकांना काय सांगायचं ते समजलं. पुढे आणखी दोन चक्क्यांवर तसंच लिहिलेलं मी पाहिलं.

धापूबाईची नणंद बरी झाल्यावर गिरिजाताईंकडे आली आणि न विचारता अंगण झाडायला लागली. ताईंनी तिच्या हातातला झाडू काढून घेतला आणि तिला आत खुर्चीवर बसवून चहा दिला. ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. मग दोघी हसल्या.

१९८८ ला भरपूर पाऊस झाला. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात दुर्गापुऱ्याला इतके नमुने आले की टेबलं पुरेनात. आणि त्याच सुमाराला उमाकांतरावांची कोट्याला बदली निघाली. आम्ही सगळे धरून चाललो की आता ट्रंका पुन्हा भरणार. मी मदतीला खाली गेले, तर गिरिजाताई भेंडी चिरत बसल्या होत्या.

"सामान?" मी विचारलं.

"ह्यांची एक ट्रंक भरलीय. मी राहतो इथंच. जयंतीची दहावी आहे, आणि आमच्याकडं बाजरीचे दिवस आहेत."

"उमाकांतराव काय म्हणाले?"

आतून उमाकांतरावच बोलले, "मी काय म्हणणार? मला विचारलंच नाही. मला सांगितलं." पण ते चिडलेले नव्हते. अठरा वर्षं ही माझ्या बदल्यांमागून फिरली, आता थोडे दिवस मी फिरतो, असं ते माझ्या यजमानांना म्हणाले होते.

नातेवाइकांनी पत्रांतून नावं ठेवली. गिरिजाताईंनी ती पत्रं वाचून उत्तरात खुशाली कळवली. शनिवारी उमाकांतराव कोट्याच्या गाडीने यायचे, हातात कोट्याच्या कचोऱ्यांचा पुडा. रविवारी सकाळी ती दोघं दुर्गापुऱ्याच्या शेतांकडे फिरायला जायची. मी एकदा बरोबर गेले होते. बाजरी कमरेच्या वर आली होती. गिरिजाताई बांधावरून पुढे चालत होत्या, मध्येच थांबून कणीस वाकवून दाखवत होत्या, आणि उमाकांतराव कळत नसताना मान डोलवत होते.

"समजलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," ते म्हणाले, "पण तू सांग."

त्या पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या.